मधल्या फळीतला माणूस

गेलिक फुटबॉलचा गुणफलक पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास गोंधळतो. 28 जुलै 2024 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऑल-आयर्लंड स्पर्धेचा अंतिम सामना संपला, तेव्हा फलकावर आर्मा 1-11, गॉलवे 0-13 असं लिहिलेलं होतं. पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटांचा. एच अक्षरासारख्या खांबांमधून चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन. दांडीवरून गेला तर एक. म्हणजे आर्माचे 14 आणि गॉलवेचे 13. एका पॉइंटाने आर्मा जिंकली आणि 22 वर्षांनी सॅम मॅग्वायर करंडक पुन्हा त्या काउंटीत गेला.

हा करंडक विजेत्या कर्णधाराच्या हाती देण्याचा मान गेलिक ॲथलेटिक असोसिएशनच्या अध्यक्षाचा. त्या दिवशी अध्यक्ष होते जार्लथ बर्न्स. ते आर्माचेच, आणि एके काळी आर्माचे कर्णधार. जिंकलेल्या चमूत त्यांचा मुलगा जार्ली ओग होता. संघाचे प्रशिक्षक किअरन मॅकगिनी हे बर्न्स यांचे 1999 च्या संघातले सोबती. एखाद्या कथालेखकाने हे असं लिहिलं असतं, तर संपादकाने ‘फारच जुळवून आणलंय’ असा शेरा मारून कथा परत पाठवली असती.

बर्न्स यांचं हे चरित्र लिहायला घेतलं ते मात्र त्या दुपारसाठी नव्हे. तो योगायोग होता, आणि योगायोगावर पुस्तक उभं राहत नाही. मला कुतूहल होतं ते एका जुन्या वादाचं. बर्न्स मधल्या फळीत खेळायचे. गोलरक्षकाने लांब मारलेला उंच चेंडू चार-पाच जणांच्या गर्दीत उडी मारून डोक्यावर झेलायचा, हे तिथल्या खेळाडूचं पहिलं काम. पुढे खेळच असा बदलत गेला की या कामाला गिऱ्हाईक उरलं नाही. ज्याची कला अशी डोळ्यांदेखत मोडीत निघाली, त्याने निवृत्तीनंतर नियम करणाऱ्यांच्या टेबलाशी बसून ती परत आणायचा प्रयत्न केला. एकदा समितीप्रमुख म्हणून आणि दुसऱ्यांदा अध्यक्ष म्हणून. बर्न्स यांच्या प्रशासकीय कारकिर्दीचं हे माझं वाचन आहे. त्यांना स्वतःला ते कितपत पटेल, सांगता येत नाही.

आपल्याकडे क्रीडा-प्रशासक म्हटला की खेळाशी संबंध नसलेला, सत्कारात पहिल्या रांगेत बसणारा कोणी पुढारी आठवतो. आयर्लंडमधलं चित्र समजून घ्यायचं तर गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची घडण आधी पाहायला हवी. 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरीतल्या थर्ल्स गावात, हेज हॉटेलमध्ये, मूठभर माणसं जमली आणि इंग्रजी खेळांच्या रेट्यापुढे आयर्लंडचे स्वतःचे खेळ टिकवायचे म्हणून संघटना काढली. पुढाकार मायकेल क्युसॅक या शिक्षकाचा. पहिला अध्यक्ष झाला मॉरिस डॅव्हिन, त्या काळचा नामांकित ॲथलीट. म्हणजे मैदान गाजवलेल्या माणसाने अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं ही रीत अगदी पहिल्या बैठकीपासूनची. आर्मातल्या लोकांना तर त्यात काहीच नवल नव्हतं. 1964 ते 1967 या काळात अध्यक्ष असलेले आल्फ मरी हेही आर्माचे फुटबॉलपटू आणि शिक्षक होते.

या संघटनेत खेळाडूला पगार नाही. क्रोक पार्कमध्ये 82,000 प्रेक्षक बसतात, तिकिटं मिळवताना लोकांच्या नाकीनऊ येतात, सामना घराघरांत टीव्हीवर दिसतो; आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चालतं ते खेळाडू सोमवारी सकाळी शाळेत, बँकेत, शेतावर किंवा वायरमनच्या कामावर हजर असतात. खेळाडूंचा बाजारही नाही. ज्या गावात वाढलात त्या गावचा क्लब आणि त्याच काउंटीचा संघ. मोठ्या संघाने पैसे टाकून कोणाला उचलायचं, हे इथे बसत नाही. साहजिकच वय झालं की खेळाडू कुठे जात नाही. तो मुलांना शिकवायला लागतो, मैदानाची राखण करतो, क्लबचा चिटणीस होतो, काउंटीच्या बैठकांना जातो. आपल्या गावातल्या कबड्डी मंडळात जुना चढाईपटू पुढे पावतीपुस्तकं सांभाळतो, तसंच. फरक एवढाच, की इथे त्या पावतीपुस्तकापासून देशातल्या सर्वांत मोठ्या क्रीडासंघटनेच्या अध्यक्षपदापर्यंत रस्ता सरळ जातो. अध्यक्षाची निवड वार्षिक अधिवेशनात प्रतिनिधींच्या मतांनी होते. मुदत तीन वर्षांची, आणि दुसरी संधी नाही.

सिल्व्हरब्रिज हे बर्न्स यांचं गाव दक्षिण आर्मात, ब्रिटनच्या अखत्यारीतलं उत्तर आयर्लंड आणि स्वतंत्र आयर्लंड यांच्या सीमेला अगदी लागून. त्यांचा जन्म 1968 चा. पुढच्याच वर्षी उत्तर आयर्लंडमध्ये रस्त्यावर सैन्य उतरलं आणि तीस वर्षांच्या हिंसाचाराला तोंड फुटलं. बर्न्स यांचं बालपण आणि जवळपास सगळी खेळाची कारकीर्द त्या तीस वर्षांतली आहे. 19 डिसेंबर 1975 च्या रात्री सिल्व्हरब्रिजमधल्या डॉनेलीज बारवर ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. तिघे ठार झाले, त्यांतला एक चौदा वर्षांचा मुलगा. पुढच्या तीन आठवड्यांच्या आत, 5 जानेवारी 1976 ला, जवळच्याच किंग्जमिल इथे कापड गिरणीतून घरी परतणाऱ्या कामगारांची मिनीबस अडवून दहा प्रोटेस्टंटांना गोळ्या घालून ठार केलं गेलं. बस चालली होती बेसब्रुकला. बर्न्स पुढे ज्या शाळेचे मुख्याध्यापक झाले, ती सेंट पॉल्स शाळा याच बेसब्रुकची.

बेसब्रुकबद्दल थोडं सांगायला हवं. क्वेकर पंथाच्या रिचर्डसन घराण्याने लिननच्या गिरणीभोवती वसवलेलं हे आखीव गाव. गावात दारूचा गुत्ता, सावकारी गहाणवट आणि पोलीस चौकी यांतलं काही नसावं, असा मूळ बेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच गिरणीत ब्रिटिश सैन्याचा तळ होता, आणि सीमेकडचे रस्ते धोक्याचे म्हणून सैनिकांची आणि सामानाची सगळी ने-आण हेलिकॉप्टरने चालायची. युरोपातला सर्वांत गजबजलेला हेलिपोर्ट म्हणून त्या तळाची ख्याती होती. थोडं पुढे गेलं की क्रॉसमॅग्लेन. तिथल्या रेंजर्स क्लबच्या मैदानाला खेटून लष्कराचा तळ उभा राहिला, मैदानाचा काही भागही सैन्याने घेतला, आणि वर्षानुवर्षं पोरं हेलिकॉप्टरच्या घरघरीत सराव करत राहिली. त्याच क्लबने 1997 पासून पुढच्या काळात आयर्लंडचं क्लब अजिंक्यपद पुनःपुन्हा जिंकलं, हे सांगितल्याशिवाय क्रॉसमॅग्लेनचा माणूस तुम्हाला पुढे जाऊ देणार नाही.

ही पार्श्वभूमी ठाऊक असली की संघटनेचा ‘नियम 21’ नुसता हट्ट वाटत नाही. ब्रिटिश सैन्यातल्या किंवा उत्तर आयर्लंडच्या पोलिसांतल्या माणसाला सभासद होता येणार नाही, असा तो नियम होता. नोव्हेंबर 2001 मध्ये तो रद्द झाला तेव्हा उत्तरेतल्या सहा काउंट्यांपैकी पाच विरोधात होत्या, आर्मा त्यांतलीच. दक्षिणेतल्या मंडळींना जे सहज सोडवलं ते या भागाला सहज सुटलं नाही. क्रोक पार्कवरसुद्धा 21 नोव्हेंबर 1920 ला सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला होता. चौदा माणसं गेली, त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन. आज करंडक दिला जातो तो होगन स्टँडमधून. पण डब्लिनमध्ये ते एका स्टँडचं नाव आहे. दक्षिण आर्मात मैदानाच्या कुंपणाशी पहारा चालूच होता.

खेळाडू म्हणून बर्न्स यांची नोंद कशी करायची? उंच, ताकदीचे, झेलात पक्के, आणि नशिबाने थोडे लवकर जन्मलेले. आर्माने 1982 नंतर अल्स्टर प्रांताचं अजिंक्यपद पाहिलं नव्हतं. 1990 च्या दशकात संघ येत होता, हरत होता, लोक सुस्कारे सोडत होते. अखेर 1999 च्या उन्हाळ्यात ब्रायन कॅनव्हन आणि ब्रायन मॅकॲलिंडन या प्रशिक्षकांच्या जोडीच्या हाताखाली गाडी रुळावर आली. क्लोन्सच्या अंतिम सामन्यात आर्माने शेजारच्या डाउनचा 3-12 विरुद्ध 0-10 असा धुव्वा उडवला. ओशीन मॅककॉनव्हिलने एकट्याने 2-7 मारले. अल्स्टरचा अँग्लो-सेल्ट करंडक उचलला कर्णधार बर्न्स यांनी. पुढे ऑल-आयर्लंडच्या उपान्त्य फेरीत मीथने गाठलं, 0-15 विरुद्ध 2-5. बर्न्स तिथेच थांबले.

तीन वर्षांनी, 2002 मध्ये, आर्माने केरीला एका पॉइंटाने हरवून आपला पहिला ऑल-आयर्लंड करंडक जिंकला. कर्णधार होता मॅकगिनी. मधल्या फळीतली जागा दुसऱ्याची होती. चरित्रकाराला इथे हळहळायचा मोह होतो आणि मीही पहिल्या खर्ड्यात एक लांबलचक परिच्छेद खर्ची घातला होता. पुढे तो काढून टाकला. ज्या खेळात कोणालाच पैसे मिळत नाहीत तिथे पदक हीच कमाई, हे खरं. पण पदक नसलेल्या खेळाडूंनीच ही संघटना चालवली आहे, हेही तितकंच खरं. बत्तीस काउंट्यांपैकी करंडकाचं तोंडही न पाहिलेल्या काउंट्या अजून बऱ्याच आहेत.

खेळ सुटला तसं बाकीचं सुरू झालं. 1999 मध्येच बेलफास्टमध्ये गेलिक खेळाडूंची स्वतंत्र संघटना उभी राहिली होती. प्रवासखर्च, वैद्यकीय सोय, जाहिरातीतून मिळणारं उत्पन्न अशा मागण्या जोरात पुढे येत होत्या, आणि जुन्या मंडळींना त्यात धंदेवाईक खेळाची चाहूल लागत होती. मूळ संघटनेने स्वतःची खेळाडू समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद बर्न्स यांच्याकडे आलं. ही जागा अडचणीची. खेळाडूंना तुम्ही साहेबांचे वाटता आणि साहेबांना बंडखोरांचे. अखेर 2009 मध्ये खेळाडूंच्या संघटनेला अधिकृत मान्यता मिळाली. दरम्यान बर्न्स बीबीसी नॉर्दर्न आयर्लंडवर सामन्यांचं विश्लेषण करत, बेसब्रुकला शिकवत, सिल्व्हरब्रिज हार्प्स या आपल्या क्लबात राबत राहिले. आवाज पोचणारा आहे, आयरिश भाषा चांगली येते, आणि मनातलं बोलून टाकायची सवय आहे. सामन्याआधी झेंडा आणि राष्ट्रगीत हवंच का, यावर एकत्र आयर्लंडच्या संदर्भात मोकळेपणाने बोलायला हरकत नसावी, असं त्यांनी 2015 मध्ये सुचवलं, आणि जी टीका व्हायची ती झाली. दक्षिण आर्माच्या माणसाने हे म्हणावं याला वजन होतं. म्हणूनच काहींना ते जास्त लागलं.

आता झेलाकडे येऊ.

बर्न्स खेळत असताना गोलरक्षक चेंडू लाथेने लांब मारायचा आणि तो मैदानाच्या मध्यावर, दोन्ही संघांच्या उंच माणसांच्या डोक्यावर येऊन पडायचा. चेंडूखाली धावत यायचं, एक गुडघा किंचित पुढे ठेवून उडी घ्यायची, खांद्याला खांदा लागत असताना दोन्ही हातांनी चेंडू आवळायचा आणि खाली येताच घेराव पडायच्या आत तो सोडायचा. प्रेक्षक या एका गोष्टीसाठी जागेवरून उठायचे. मग प्रशिक्षकांनी आकडेमोड सुरू केली. लांब मारलेला चेंडू आपल्याला मिळण्याची शक्यता निम्मी. मोकळ्या सोबत्याला वीस पावलांवर दिला तर जवळपास खात्री. डब्लिनचा गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टन याने तर या आखूड किकची कलाच केली. दुसऱ्या बाजूला सगळा संघ मागे नेऊन भिंत उभी करण्याची पद्धत आली. ऑगस्ट 2011 मधल्या डब्लिन-डॉनिगॉल उपान्त्य सामन्याचा निकाल 0-8 विरुद्ध 0-6 असा लागला. सत्तर मिनिटांत एकही गोल नाही आणि दोन्ही बाजू मिळून चौदा पॉइंट! चेंडू हाताने थापट्या मारत इकडून तिकडे जायचा, आणि मधल्या फळीतला उंच माणूस नुसता धावत राहायचा. एवढ्या उंचीचं करायचं काय, हे कोणी सांगत नव्हतं.

बर्न्स पुढे खेळाच्या नियमांवरच्या स्थायी समितीचे प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीत 2016 च्या अधिवेशनात ‘मार्क’ मंजूर झाला आणि 2017 पासून लागू झाला. गोलरक्षकाची किक 45 मीटरच्या रेषेपलीकडे कोणी हवेतच स्वच्छ झेलली, तर त्याला थांबून निर्धोक किक मारता येईल. म्हणजे झेल घेणाऱ्याला घेराव पडण्याच्या भीतीतून सोडवलं. कल्पना सरळ होती, पण परिणाम अर्धवट झाला. गोलरक्षक काही दुधखुळे नव्हते. समोरच्याला झेलाचं बक्षीस मिळणार असेल तर चेंडू लांब मारायचाच कशाला, असा हिशेब करून बरेच जण आखूडच मारत राहिले. बक्षीस देऊन सवय मोडत नाही हे त्यातून दिसलं. टीकाकार म्हणाले, खेळ उगाच थांबतो. मला टीकाकार निम्मे बरोबर वाटतात. औषध योग्य होतं, मात्रा कमी पडली.

अध्यक्षपदासाठी बर्न्स पहिल्यांदा उभे राहिले ते 2020 च्या अधिवेशनात, आणि हरले. निवडून आले लॅरी मॅकार्थी, मूळ कॉर्कचे पण न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले प्राध्यापक. आयर्लंडबाहेर राहणारा पहिला अध्यक्ष. 2023 मध्ये बर्न्स पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. वर्षभर नियोजित अध्यक्ष म्हणून काढल्यावर फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी सूत्रं घेतली, तीही घराजवळ, न्यूरीला भरलेल्या अधिवेशनात.

त्यांनी फुटबॉलची दुरुस्ती करायला समिती नेमली आणि तिच्या प्रमुखपदी जिम गॅविन यांना आणलं. या निवडीतली गंमत मराठी वाचकाच्या लक्षात यायला हवी. ज्या डब्लिन संघाने आखूड किक आणि चेंडू दाबून ठेवण्याचं तंत्र पूर्णत्वाला नेलं, 2015 ते 2019 सलग पाच करंडक जिंकले, त्याचेच हे प्रशिक्षक. कुलूप बनवणाऱ्यालाच कुलूप उघडायला बोलावलं.

गॅविन समितीने बक्षिसाऐवजी सक्ती आणली. गोलरक्षकाची किक 40 मीटरच्या कमानीपलीकडे गेलीच पाहिजे. प्रत्येक संघाचे निदान तीन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात राहिलेच पाहिजेत, म्हणजे सगळ्यांना मागे नेऊन भिंत बांधता येणार नाही. कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या किकला दोन पॉइंट. पंचाशी हुज्जत घातली की चेंडू 50 मीटर पुढे. नोव्हेंबर 2024 च्या विशेष अधिवेशनात हे नियम 2025 च्या हंगामापुरते मंजूर झाले. आणि चेंडू पुन्हा मध्यावर, उंच माणसांच्या डोक्यावर पडायला लागला. जुलै 2025 च्या अंतिम सामन्यात केरीने डॉनिगॉलला 1-26 विरुद्ध 0-19 असं हरवलं. आदल्या वर्षी आर्माने ज्या 14 वर करंडक नेला, त्याच्या दुपटीहून जास्त केरीचे झाले. आर्माचं यश जुन्या नियमांखालच्या शेवटच्या अंतिम सामन्यातलं, आणि ते नियम बदलणारा अध्यक्ष आर्माचा. हा भाग मी पुस्तकात जरा रेंगाळून लिहिला आहे.

बाकीच्या गोष्टी फुटबॉलइतक्या सुटसुटीत नाहीत. बेलफास्टमधलं संघटनेचं मैदान केसमेंट पार्क 1953 चं, आणि 2013 पासून बंद. तिथे 34,000 हून अधिक प्रेक्षकांचं नवं मैदान बांधायचं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये आयरिश सरकारने त्यासाठी पाच कोटी युरो जाहीर केले. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराडच्या घराण्यातले. म्हणजे या कहाणीत कोकणाचाही हात लागून गेला. पण सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सरकारने 2028 च्या युरो फुटबॉल स्पर्धेसाठी हे मैदान वेळेत उभं करायला पैसे द्यायचं नाकारलं. 2025 मध्ये त्यांनी पाच कोटी पौंड देऊ केले, तरीही हिशेब जुळलेला नव्हता. महिला फुटबॉल आणि कॅमोगी (महिलांचा काठी-चेंडूचा गेलिक खेळ) यांच्या स्वतंत्र संघटना मूळ संघटनेत विलीन करायच्या आहेत. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकॲलीस त्या कामाच्या प्रमुख आहेत, आणि उद्दिष्ट 2027 चं. मैदानं तीच, क्लबही बहुतेक ठिकाणी तोच, तरी मुलींना सरावाची वेळ मागावी लागते. माझ्या मते बर्न्स यांच्या कारकिर्दीची खरी परीक्षा इथे आहे. संघटनेच्या एका प्रायोजकावरून 2025 मध्ये खेळाडूंनी उठवलेला वाद पुस्तकात मोजक्या पानांत आटोपला आहे. पुस्तक लिहिताना तो ताजा होता आणि दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या.

वाचकाने एक गोष्ट मात्र गृहीत धरू नये. बर्न्स यांनी सगळं एकट्याने केलं असं हे पुस्तक म्हणत नाही. या संघटनेत अध्यक्षाला तसं करताच येत नाही. ठराव काउंट्यांकडून येतात, मतं प्रतिनिधी देतात, आणि साठ टक्के मतं जमली नाहीत तर अध्यक्षाचा लाडका नियमही पडतो. मुख्याध्यापकाला शिक्षकांची बैठक चालवायची सवय असते, ती इथे कामी आली असावी. त्यांच्या पूर्वीच्या मतांमधलं काय टिकलं आणि काय अध्यक्षपदावर गेल्यावर मऊ झालं, हे मी जागोजागी नोंदवलं आहे. काही ठिकाणी ते चाहत्यांना रुचणार नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये विशेष अधिवेशनाने नवे नियम मोठ्या बहुमताने कायम केले. अध्यक्षपदाची मुदत संपते फेब्रुवारी 2027 मध्ये. शेवटचं प्रकरण मी त्या ऑक्टोबरच्या मतदानापाशी थांबवलं आहे.